एकशे अठ्ठावीसमधल्या चार खुर्च्या

वाटपाचा रविवार टळावा म्हणून आश्लेषाने त्या वर्षी तीन कारणं देऊन पाहिली. आधी हॉस्पिटलमधली ड्यूटी, मग घसा आणि शेवटी बर्फ. तिन्ही कारणांवर तिच्या वडिलांचं, गिरीशचं, फोनवर एकच उत्तर होतं, "मग एकऐवजी दोनला ये. तुझ्या वाटणीच्या वड्या बाजूला ठेवतो."

तेव्हा रविवारी दुपारी ती अॅन आर्बरहून ट्रॉयला निघाली आणि फ्रीवेला लागल्या लागल्या तिने भावाला फोन लावला.

"अक्षत, आज तू बोलायचंस."

"मी का? यू आर द एल्डर वन."

"मी नाही म्हटलं की बाबांचा चेहरा पडतो. तू म्हटलंस तर ते नुसते चिडतील. चिडलेले परवडतात."

"तुला परवडतात. तू चाळीस मैलांवर जाऊन बसणार. मी दहा मिनिटांवर राहतो यार, मला रोज त्यांचा फोन असतो."

"तीन वर्षांचा करार करतायत ते, कळतंय का? आणि तुझ्या नावावर करतायत. तीन वर्षं खोटं बोलायची तयारी आहे तुझी?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग अक्षत म्हणाला, "ओके. मी सांगतो. पण तू माझ्या बाजूने बोलायचंस."

"शंभर टक्के," आश्लेषा म्हणाली. तिचा स्वतःवर फारसा विश्वास नव्हता, पण भावावर त्याहून कमी होता.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सबनिसांकडे वाटप असायचं. इस्टेटीचं नव्हे, बेसबॉलचं. १९८४ साली, डेट्रॉइटने अख्खी स्पर्धा जिंकली त्या वर्षी, गिरीशने चार जागा वर्षभरासाठी घेतल्या. पुढे मैदान जुन्या जागेवरून नव्या जागी गेलं तरी त्याने त्या सोडल्या नाहीत. सेक्शन एकशे अठ्ठावीस, चौदावी रांग, कडेच्या चार खुर्च्या. घरच्या मैदानावर वर्षाला एक्क्याऐंशी सामने होतात, आणि एवढे काही एका माणसाच्याने बघून होत नाहीत. म्हणून जेवणाच्या टेबलावर वेळापत्रक पसरायचं आणि प्रत्येकाने आळीपाळीने एकेक तारीख मागायची. तारीख मागितली की गिरीश कागदावर नाव लिहायचा आणि तिळाची एक वडी हातावर ठेवायचा. चार जुलैच्या सामन्यावरून आश्लेषा आणि अक्षत लहानपणी एकमेकांच्या झिंज्या उपटायचे. आता दोघांनी चाळिशी ओलांडली होती आणि मागणारे आटले होते. वड्या मात्र अजून तेवढ्याच व्हायच्या.

गेल्या वर्षी आश्लेषाने सहा तारखा मागितल्या होत्या आणि एकीलाही ती गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर स्कोअर बघायचा आणि बाबांना कळवायचं, 'मस्त झाला.' याला या घरात कोणी खोटं बोलणं म्हणत नसे. वडिलांनी हातावर काही ठेवलं तर नको म्हणायचं नाही, एवढंच त्यांना शिकवलेलं होतं.

•

वसुधा स्वयंपाकघरात चहाचं आधण टाकत होती आणि मनातल्या मनात एका वाक्याची उजळणी करत होती. 'एकवीस मेचा दुपारचा सामना माझ्या नावावर लिहा.'

वाक्य साधं होतं. पण चाळीस वर्षांत त्या कागदावर तिचं नाव वेगळं असं कधी आलंच नव्हतं. गिरीशच्या नावापुढे अधिकची खूण करून एक 'व' असायचा. तो जाईल तेव्हा तीही जाणार, हे धरूनच चाललेलं. ती जायचीही. आली तेव्हा तिला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या खुर्चीत मार्ज नावाची पोलिश म्हातारी बसायची. तिने पेन्सिल देऊन वसुधाला स्कोअर मांडायला शिकवलं. कोण कसा बाद झाला, धाव कुठून आली, सगळं बारीक चौकोनांत. पुढे ती मार्जपेक्षा नेटकं लिहायला लागली. गिरीश खेळाडूंवर ओरडायचा, ती लिहायची.

दोन वर्षांपूर्वी तिचे दोन्ही गुडघे बदलले. त्या वर्षी गिरीश म्हणाला, "पायऱ्या झेपायच्या नाहीत तुला, वसू. यंदा राहू दे." ते खरंच होतं. पण पुढच्या वर्षीही तो तेच म्हणाला, आणि तोवर ती दिवसातून दहा वेळा तळघरात धुण्याच्या टोपल्या घेऊन वर-खाली करायला लागली होती. तिने दोनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणायचा तिला कंटाळा आला.

ऑक्टोबरात एका मंगळवारी कोणाला न सांगता ती वुडवर्डवरून जाणाऱ्या बसने थेट डाउनटाऊनला गेली होती. सीझन संपलेला, दरवाजाला कुलूप. दारापर्यंत चालत गेली, गजांतून आतलं हिरवं जितकं दिसलं तितकं पाहिलं आणि परतीच्या बसने घरी आली. गुडघे काही बोलले नाहीत. तेव्हाच तिने ठरवलं की यंदा आपली तारीख आपण मागायची.

आश्लेषा कोट न काढताच स्वयंपाकघरात शिरली आणि आईच्या गळ्यात पडली. तिचं एवढं प्रेम उतू गेलं की काहीतरी काम असतं, हे वसुधाला ठाऊक होतं.

"आई, तू तरी बाबांना सांग ना. सोडा म्हणावं आता त्या जागा."

"मी सांगू?"

"तुझं ऐकतील. तुला तरी कुठे आवडायचं ते? बाबांसाठी जात होतीस बिचारी. उन्हात, थंडीत. आता कशी छान घरी टीव्हीवर बघतेस."

वसुधाच्या ओठांवर वाक्य आलं होतं. तिने आधणात आलं किसून टाकलं. "बघते हं," ती म्हणाली.

"थँक यू, आई. यू आर द बेस्ट." आश्लेषा एक वडी तोंडात टाकून बाहेर गेलीसुद्धा.

वसुधाला तिचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. डॉक्टर झालेल्या मुलीला आईच्या तोंडावर आलेलं दिसत नाही. पण दिसावं असं आपण तरी कधी काय केलं?

•

टेबलावर सगळे जमले तेव्हा अडीच वाजले होते. कोण कुणीकडे बसलं आहे याची नोंद प्रीताने, म्हणजे सबनिसांच्या सुनेने, सवयीने घेतली. नागपूरहून लग्न करून या घरात आल्याला तिला अठरा वर्षं झाली होती आणि इथली माणसं तोंडाने कमी, जागांनी जास्त बोलतात हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. आज अक्षत वडिलांच्या शेजारी न बसता बहिणीच्या शेजारी बसला. म्हणजे दोघांचं काहीतरी ठरलेलं होतं. सासूबाई स्वयंपाकघराकडे तोंड करून, नेहमीसारख्या अर्ध्या खुर्चीवर. आणि प्रीताची सोळा वर्षांची मुलगी उर्वी आजोबांच्या हाताशी, कारण तिकिटं आता कागदाची नसून फोनमध्ये असतात आणि आजोबांचा फोन फक्त तिलाच वश आहे.

"चार वाजता त्या केटलिनचा फोन यायचाय," गिरीश म्हणाला. केटलिन म्हणजे टीमच्या ऑफिसातली मुलगी. "ती म्हणते, तीन वर्षांचं घेतलंत तर जागा हलवणार नाही. मी विचार केला, मी पंच्याहत्तरीला आलो. आता अक्षतच्या नावावर करू. काय रे?"

आश्लेषाने टेबलाखालून भावाच्या पायावर पाय दिला. प्रीताला ते दिसलं नाही, पण अक्षतचा चेहरा दिसला.

"बाबा, अॅक्च्युअली, मी विचार करत होतो..." अक्षत म्हणाला. गिरीशने चष्म्यावरून पाहिलं. "...की, हां. चालेल. माझ्या नावावर करा."

आश्लेषाने डोळे मिटून घेतले. अॅन आर्बरपासून ट्रॉयपर्यंतचा तह एका वाक्यात मोडला होता.

"गुड," गिरीश म्हणाला. त्याने पेनचं टोपण काढलं आणि वड्यांचा स्टीलचा डबा उघडला. "पहिला सामना. ओपनिंग डे. कोण घेतंय?"

कोणीही नाही. त्याने एक वडी उचलून चिमटीत धरली आणि हात पुढे करून थांबला. अक्षत वेळापत्रकाकडे बघत होता, आश्लेषा फोनकडे, उर्वी आजोबांच्या फोनकडे.

तो हात प्रीताला बघवेना. अठरा वर्षं ती त्या हातातून वडी घेत आली होती. दोन तारखा मागायच्या, तिकिटं ऑफिसात कोणाला तरी पाठवून द्यायची आणि त्यांना 'कसा झाला?' असं मुद्दाम विचारायचं नाही. आज पुन्हा वडी घ्यावी आणि सुटावं, असंच तिला वाटलं. पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"बाबा, मी नाही घेत यंदा. सहा वर्षं झाली, मी गेलेच नाही. तिकिटं ऑफिसात देऊन टाकते. आणि ते ऑफिसातलेही जात नाहीत."

"प्रीता!" अक्षत म्हणाला.

"काय प्रीता? कोणी तरी सांगायला नको का?"

गिरीशने वडी परत डब्यात ठेवली. "जात नाहीत म्हणजे? का जात नाहीत?"

"कसं जायचं सांगा. सहा चाळीसला सामना. पाचला कामातून उठायचं, पंचाहत्तर नंबरच्या हायवेवर तासभर अडकायचं, गाडी लावायला जागा शोधायची, तिथून पुन्हा चालायचं. परत येईपर्यंत अकरा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हिची शाळा."

"आधीही होती की शाळा!"

"तेव्हा आई होत्या ना घरी, बाबा, डबे भरायला," प्रीता म्हणाली.

आता अक्षतलाही कंठ फुटला. "आणि तिथे जाऊन बघायचं काय, बाबा? घरी मोठा स्क्रीन आहे, रिप्ले आहे. तिथे दर दोन मिनिटांनी लाउडस्पीकरवर जाहिरात. टाळ्या वाजवा, उभे राहा, ओरडा. मला नाही ओरडायचं. दिवसभर मीटिंगमध्ये असतो यार मी."

"आणि खेळाडू?" आश्लेषा लगेच भावाच्या मदतीला धावली. मोडलेला तह पुन्हा जुळला. "एखाद्याचं नाव पाठ होईपर्यंत तो दुसऱ्या शहरात गेलेला असतो. उर्वी, तुला सांगता येईल का एक तरी नाव?"

"नो," उर्वी वर न बघता म्हणाली. "बट आय लाइक द चुर्रोज, ते तळलेले गोडवाले."

"म्हणजे सगळे मिळून," गिरीश म्हणाला. त्याचा आवाज चढला. "तुम्ही सगळे मिळून मला मूर्ख बनवलंत. तिकिटं घ्यायची, वड्या खायच्या आणि सांगायचं मस्त झाला! मी जातो ना? मी म्हातारा माणूस. गेल्या वर्षी बत्तीस सामन्यांना गेलो. एकटा! मला नाही का तो रस्ता? मला नाही का ते पार्किंग?"

अक्षतने मान खाली घातली. आश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण उगाच तोंड उघडलं असं प्रीताला वाटून गेलं.

"आजोबा," उर्वी म्हणाली. ती फोनवर बोट फिरवत होती. "हे काय आहे? ग्रीन म्हणजे स्कॅन झालं, राइट? ग्रे म्हणजे कोणी गेलं नाही."

"असेल."

"युअर्स आर ऑल ग्रे. मे महिन्यानंतर सगळे. ट्वेंटी-एट... आजोबा, यू डिडन्ट गो."

वसुधा चहाचे कप भरत होती. तिचा हात थांबला. मग तिने उरलेले कपही भरले आणि एकेक करून सगळ्यांच्या पुढे ठेवले.

•

गिरीशला वाटलं, म्हणावं फोन बिघडलाय. पण अख्खं आयुष्य मोटारींच्या कारखान्यात चुका शोधण्यात घालवलेल्या माणसाला आपली चूक पकडली गेली की लगेच कळतं.

"लायब्ररीच्या मागे पार्किंग आहे," तो म्हणाला. "तिथे बसायचो. गाडीत. रेडिओवर ऐकायचो."

"बत्तीस वेळा?" आश्लेषाने विचारलं.

"बत्तीस नाही. पहिले चार खरे होते."

कोणी हसलं नाही, म्हणून तो पुढे बोलत राहिला. बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना.

"पूर्वी आपला शेजार होता तिथे. मार्ज होती, तिचा नवरा होता, मागे तो बसड्रायव्हर आणि त्याचे दोन भाऊ. तीस वर्षं तीच माणसं. कोणाच्या पोराचं लग्न, कोणाला कॅन्सर, सगळं तिथे कळायचं. सामना एकीकडे. आता दर वेळी नवे लोक. ऑनलाइन जागा घेतात, एकदा येतात, पुन्हा दिसत नाहीत. आणि सगळे फोनवर पैज लावून बसलेले. चेंडू पडला की आपण जिंकलो की हरलो हे बघत नाहीत, फोन बघतात. मी कोणाशी बोलू? आणि माझ्या शेजारी तीन खुर्च्या रिकाम्या. लोक येऊन विचारायचे, इथे कोणी आहे का? मी म्हणायचो, येतायत, माझी मुलं येतायत. नऊच्या नऊ इनिंग, सामना संपेपर्यंत, तेच सांगायचो. मेमध्ये एकदा एका बाईने विचारलं आणि मला उत्तरच देववेना. तेव्हापासून नाही गेलो."

"मग सोडायच्या होत्या ना जागा, बाबा," अक्षत हळूच म्हणाला.

"तुमच्यासाठी ठेवल्या होत्या! मला वाटलं तुम्ही जाता."

"आम्ही तुमच्यासाठी घेत होतो."

यावर प्रीताला हसू आलं. तिने तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता. मग आश्लेषा हसली, अक्षत हसला, आणि शेवटी गिरीशही खांदे हलवत हसायला लागला. चौघंही दमलेल्या माणसांसारखे हसत होते, हातातली जड पिशवी एकदाची खाली ठेवल्यावर हसावं तसे. उर्वीने वड्यांचा डबा स्वतःकडे ओढला. केटलिनला जागा नकोत म्हणून सांगायचं ठरलं. कोणी ठरवलं हे कळलंसुद्धा नाही. अक्षत म्हणाला, त्यापेक्षा वर्षातून एकदा सगळे मिळून लेकवर जाऊ, आणि सगळे हो म्हणाले. कोणी जाणार नव्हतं, पण ते पुढचं पुढे.

बरोबर चारला फोन वाजला. गिरीशने तो स्पीकरवर टाकला.

"हाय, मिस्टर सबनिस! हाउ आर वी डुइंग टुडे?" केटलिनचा आवाज सकाळच्या रेडिओसारखा ताजा होता.

"केटलिन, लिसन. वी हॅव डिसायडेड..."

"थांबा," वसुधा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती उभीच होती, हातात रिकामा ट्रे. गिरीशने केटलिनला एक मिनिट थांबायला सांगितलं आणि आपला आवाज तेवढा बंद केला.

"दोन वर्षं मला सांगत होतात, पायऱ्या झेपायच्या नाहीत," वसुधा म्हणाली.

गिरीशने पेनाला टोपण लावलं.

"मी दोनदा विचारलं तुम्हाला. जूनमध्ये विचारलं, ऑगस्टमध्ये विचारलं. तुम्ही म्हणालात, पडलीस तर कोण उचलेल. मी घरी बसले. आणि तुम्ही लायब्ररीच्या मागे?"

"वसू, तुला नेलं असतं तर मला आत जावं लागलं असतं," तो म्हणाला. याहून बरं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. निदान हे खरं होतं.

"हो. कळलं ते मला आत्ता."

ती रडेल असं त्याला वाटलं. रडली असती तर बरं झालं असतं, काय करायचं ते त्याला माहीत होतं. पण तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि खुर्ची पुढे ओढून पूर्ण टेकून बसली.

"मला एक जागा हवी आहे. सगळे सामने नकोत. दुपारचे असतात तेवढे. त्या मुलीला विचारा."

"आई!" आश्लेषा उठलीच. "अगं, बोलायचंस ना! मी येईन तुझ्याबरोबर. खरंच."

"मी पण," अक्षत म्हणाला. "वी विल टेक टर्न्स. दोन जागा ठेवू. आई आणि आळीपाळीने एक जण. हो ना, प्रीता?"

"हो आई, येऊ ना," प्रीता म्हणाली.

वसुधाने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. गिरीशनेही पाहिलं, आणि त्याला तो आवाज ओळखू आला. दर वर्षी या टेबलावर त्याला हेच ऐकू यायचं. तोच उत्साह, तेच 'हो ना', हात पुढे करून वडी घेतानाचा तोच चेहरा. इतकी वर्षं तो त्यावर जागा ठेवत आला होता.

"खरं सांगा मला," वसुधा म्हणाली. ती चिडलेली नव्हती. "आत्ताच सगळं खरं बोललात ना? मग हेही सांगा. अक्षत, गुरुवारी दुपारी एक वाजता ऑफिस सोडून तीन तास माझ्याशेजारी बसायला तुला आवडेल का?"

अक्षतने चहाचा कप बाजूला सारला. आईला तो जन्मात कधी नाही म्हणाला नव्हता. वेळ टाळायचा, विषय बदलायचा, उद्या म्हणायचा.

"नाही, आई," तो म्हणाला. "सॉरी."

"सॉरी कशाला? आशू?"

आश्लेषाने नुसती मान हलवली आणि डोळे पुसले. प्रीताला विचारायची गरजही उरली नव्हती.

मग वसुधाने नवऱ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही?"

गिरीशला हो म्हणायचं होतं. दोन वर्षांची भरपाई एका शब्दात होत असेल तर तो शब्द त्याच्या जिभेवर होता. पण तो रस्ता त्याच्या डोळ्यांपुढे आला, तो लाउडस्पीकर आला, फोनमध्ये डोकी घातलेल्या अनोळखी लोकांची रांगच्या रांग आली. तो हो म्हणाला असता तर तो होकार जेमतेम एप्रिलपर्यंत टिकला असता.

"नाही गं," तो म्हणाला. "मी फार दमलोय, वसू."

"मला दिसत होतं ते," ती म्हणाली. "दोन वर्षं दिसत होतं. सांगितलं असतंत तर मी एकटी गेले असते."

"एकटी जाणार कशी?"

"बसने. वुडवर्डवरून जाते. मी जाऊन आलेय ऑक्टोबरात, दारापर्यंत."

अशी कुठली बस जाते हे त्या टेबलावरच्या कोणालाच माहीत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं एका घरात राहून ही बाई एका मंगळवारी डेट्रॉइटला जाऊन आली आणि आपल्याला पत्ता नाही, हा विचार गिरीशला सोडेना. तिच्या गुडघ्यांची काळजी त्याने खरोखर केली होती. पण गुडघे कसे आहेत हे तिला विचारलं होतं का, ते काही केल्या आठवेना.

"पण आई," आश्लेषा म्हणाली, "एकटी तिथे करणार काय? हल्ली किती कंटाळवाणं झालंय ते. लोकसुद्धा जात नाहीत."

"मग बरंच आहे," वसुधा म्हणाली. "मला लोक नकोच आहेत. मी बसणार. स्कोअर लिहिणार. तिथे तीन तास मला कोणी काही मागत नाही, आशू. एवढ्यासाठीच मी जायचे. तुझे बाबा समजायचे त्यांच्यासाठी जाते, आणि तुम्हीही तेच समजायचात. आयुष्यात तेवढी एकच जागा होती मला, जिथे मी उठले नाही तरी कोणाचं काही अडत नव्हतं."

उर्वीने स्वतःचा फोन खाली ठेवला. आजी एवढं बोलते हे तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"हॅलो? मिस्टर सबनिस, आर यू स्टिल देअर?" केटलिन म्हणाली.

गिरीशने आवाज सुरू केला आणि फोन टेबलावरून वसुधाकडे सरकवला. तिने तो जवळ ओढला, पदर सारखा केला, आणि बँकेत बोलायची त्या सावकाश, स्वच्छ इंग्रजीत बोलायला लागली.

"केटलिन, धिस इज वसुधा. व्ही, ए, एस... नो, नॉट मिसेस गिरीश. वसुधा. आय वॉन्ट वन सीट. ऑन द आइल. ओन्ली डे गेम्स."

"जस्ट द वन, मॅम?"

"येस. जस्ट वन."

ती नाव सांगत होती, जन्मतारीख सांगत होती, आणि पलीकडून कीबोर्डचा आवाज येत होता. गिरीशने चहाचा कप उचलला. त्यात त्याला लागतं तेवढं आलं होतं, लागते तेवढीच साखर होती, आणि तो अजून गरम होता. आपण तो मागितला केव्हा, हे त्याला आठवेना.